गाण्यातली नवरी

"इथे थांब," मी म्हणाले. समीरने माउस दाबला. पडद्यावर भाताच्या खाचरात वाकलेली एक बाई थबकली. बाकी सगळ्यांच्या चेहऱ्याखाली नावपट्टी होती. हिच्याखाली नव्हती.

नाशिक रोडच्या एडिट रूममध्ये आम्ही डॉक्युमेंटरीचा रफ कट, म्हणजे पहिला कच्चा जोड, बघत होतो. पेठकडचं एक लग्नगीत एका संगीतकाराने रेकॉर्ड केलं आणि कॉपीराइट स्वतःच्या नावावर घेतला, हा विषय. समीर दिग्दर्शक. मी लाइन प्रोड्यूसर. गाड्या, परवानग्या, जेवण, वेळापत्रक माझ्याकडे.

"वकील, प्राध्यापक, समीक्षक, दोन गायक. सगळे शहरातले," मी म्हणाले. "गाणं ज्यांचं, ते कुठायत?"

"चॅनेलच्या मॅडमही तेच म्हणाल्या. डायव्हर्सिटी हवी. एक आदिवासी आजी गाताना घेऊ, तीस सेकंद."

दुसऱ्या दिवशी आम्ही पेठच्या पुढच्या एका पाड्यावर होतो. जनीबाई तिथल्या धवळेरी. वारली लग्नात भटजी नसतो, धवळेरी गाणी म्हणून लग्न लावते.

जनीबाईंना आमच्या फिल्मचं अप्रूप नव्हतं. त्यांचं काम वेगळं होतं. नातीच्या लग्नाचा व्हिडिओ यूट्यूबवर होता. त्यात जनीबाई तेच गाणं म्हणत होत्या, म्हणून संगीतकाराचं रेकॉर्डिंग काढणाऱ्या कंपनीने कॉपीराइटचा दावा लावून तो बंद पाडला होता.

"नात गुजरातेत नांदते. आजीचा आवाज ऐकायला तेवढाच होता तिला," त्या म्हणाल्या. "आता माझंच गाणं चोरीचं हाय म्हणं. ते चालू करून द्या, मग काय ते विचारा."

"बघतो आजी," समीर म्हणाला. "आधी ते गाणं म्हणाल का?"

"कोणाचं लगीन हाय?"

"लग्न नाही. कॅमेऱ्यासाठी."

"नवरीबिगर कसं म्हणू? तू बसतो का पाटावर?"

ओट्यावरच्या बायका हसल्या. आमचा कॅमेरामनही हसला.

मला मात्र हे नवीन होतं. नवरीशिवाय का नाही, मी विचारलं. कळलं ते असं: दर लग्नात गाण्यात त्या नवरीचं आणि तिच्या मामाचं नाव घालतात. नाव नसलं तर गाणं कोणाला लागणार? मी फोनवर संगीतकाराचं रेकॉर्डिंग लावलं. जनीबाईंनी मान तिरकी करून ऐकलं.

"ही तर सोमी. मामा लखमा. तिच्याच हळदीला म्हणलं मी हे."

समीरने लगेच सोमीचा पाडा विचारून घेतला. आमच्या फिल्ममध्ये 'सोमी' ही संगीतकाराची काव्यमय कल्पना होती. प्राध्यापक त्यावर बराच वेळ बोलले होते.

सोमीबाई शेजारच्या पाड्यावर अंगणात नागली वाळवत होत्या. "टेप घेऊन एक पाव्हणा आलेला ना," त्या म्हणाल्या. "पंगतीला बसला. लय गोड बोलं."

"तुमच्या नावाचं गाणं कधी ऐकलं नाही?"

"एसटीत ऐकलं एकदा. वाटलं, असंल दुसरी कोणी सोमी."

"आणि लखमा मामा?"

"तिथवर आलं तं माझा फाटा आला. उतरले."

त्या दिवशी कॅमेऱ्यात आलेलं दोघींचं एवढंच बोलणं आम्ही फिल्ममधल्या वकिलांना दाखवलं. त्यांनी यूट्यूबवर डिस्प्यूट, म्हणजे दाव्यावर हरकत, नोंदवली आणि कंपनीला ते चित्रण पाठवलं. संगीतकाराने गाणं स्वतःच रचलं असेल, तर त्यात पाड्यावरची खरी नवरी आणि तिचा मामा कसे, एवढंच विचारलं. काही आठवड्यांनी कंपनीने व्हिडिओवरचा दावा मागे घेतला. संगीतकाराचं नाव मात्र रेकॉर्डवर अजून तसंच आहे. ती लढाई वेगळी आणि लांबची.

जनीबाईंनी फोन केला. "नातीनं ऐकलं. रडली म्हणं. आता विचार काय विचारायचं ते."

समीरने प्राध्यापकांची 'सोमी' कापली. तिथे आता या दोघी आहेत, नावपट्टीसकट. 'जनीबाई, धवळेरी' आणि 'सोमीबाई, गाण्यातली नवरी'. त्या कॅमेऱ्यासमोर गात नाहीत, बोलतात. चॅनेलच्या मॅडमनी विचारलं, गाताना का नाही? मी सांगितलं, नवरी मिळाली की कळवते.

तेव्हापासून कॉलशीट, म्हणजे कोणाला कधी बोलवायचं तो कागद, करताना मी एक पथ्य पाळते. अन्याय ज्याच्यावर झाला, त्याचं नाव पहिलं. शहरातल्या बऱ्याच फेऱ्या मग लागतच नाहीत, डिझेलही वाचतं.