तिकडच्या आजीचं पान

आमच्या घरी त्या लढाईचा दिवस वर्षातून दोनदा येतो. एकदा माझा, तिथीचा. एकदा नातीचा, तारखेचा. रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं, तो दिवस म्हणतेय मी. आता तुम्ही म्हणाल, जव्हारच्या म्हातारीला त्याचं काय पडलंय? सांगते.

नात तिकडे डॉक्टरकी शिकायला गेली होती. आमच्या घरात नांगर सोडून खडू हातात धरला तो पहिल्यांदा माझ्या मुलाने, आणि त्याची पोर थेट विमानात बसली. खारकीव्ह नावाचं शहर. तिथे एका एकट्या म्हातारीच्या घरात खोली घेऊन राहायची. लढाई सुरू झाली तेव्हा मी खोडाळ्याला भावाच्या शेतावर होते. रोपाची जागा भाजायला आम्ही पालापाचोळा, काटक्या रचतो, त्याला राब म्हणतात, त्याचे ते दिवस. महाशिवरात्र तोंडावर आलेली. भाच्याचा फोन वाजला आणि पलीकडे माझा मुलगा. "आई, पोर तळघरात बसलीय." मला वाटलं, जिन्यावरून पडली बहुतेक. लढाई डोक्यात आलीच नाही. घरी येऊन कॅलेंडर बघितलं, वद्य अष्टमी होती. ती माझ्या मनात बसली ती बसलीच.

पोर परत आली ती एका जाडजूड कोटात. तिकडच्या आजीने स्वतःच्या अंगातला काढून दिला होता. तळघरात तिला मांडीवर झोपवलं, उकडलेले बटाटे भरवले, आणि स्टेशनावर निघताना कोट चढवून म्हणाली, "परत आणून दे हं." एका थंडीत पहाटे दुधाला जाताना मी तो घातला, तर दूधवाला म्हणाला, "आजी, अस्वल कधी पाळलंत?"

दरवर्षी तारखेला नात तिला व्हिडिओ कॉल करायची. म्हातारी फोन इतका जवळ धरायची की नुसतं कपाळच दिसायचं. एकदा मी नागलीची भाकरी दाखवली, तर तिने उठून आपला काळा पाव आणून दाखवला. दोघी कितीतरी वेळ हसलो. भाषा एकीची दुसरीला येत नाही, पण भाकरीला काय भाषा लागते!

तिथीला मी गावदेवीला नारळ फोडायचे, घरी गोड करायचे, पोर वाचली म्हणून. नातीला ते आवडायचं नाही. "आजी, तो दिवस वाईट आहे, तू गोड काय करतेस?" मी म्हणायचे, "बाय, तुझ्यासाठी वाईट, माझ्यासाठी तू घरात आहेस." असं आमचं चालायचं.

दिवाळीपासून मात्र म्हातारीचा फोन बंद. नातीने पाठवलेल्या निरोपाला एकच बारीक खूण, दुसरी उमटतच नाही. दुसरी उमटली म्हणजे तिकडे पोचला, एवढं मला आता कळतं. ओळखीचं तिकडे कुणी उरलं नाही. पोर परीक्षेचा अभ्यास करते, पण पान उलटत नाही.

यंदा तिथी आधी आली. सकाळी उठले आणि नारळाला हात लाववेना. म्हातारी गेली असेल तर? तिला ना लेक ना सून. तिच्या नावाने घास कोण टाकणार? आणि असेल, तर जित्या माणसाचं पान ठेवायचं? शेजारणीला विचारलं, ती म्हणाली, "परदेशातल्यांना लागू होतं का ते?" तीही गोंधळलेली. शेवटी मी खीर केली, उडदाचे वडे तळले, वर उकडलेला बटाटा, पळसाच्या पत्रावळीवर वाढलं आणि अंगणाच्या कठड्यावर नेऊन ठेवलं.

सून बाहेर आली. "आई, कोण गेलं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही मग पान कुणाचं?"

मी पत्रावळ सरळ केली. तिने कपाळावर हात मारला. "अहो, जित्या माणसाचं पान! काय हे!"

तेवढ्यात कावळे आले. आमच्याकडे कावळ्यांना तोटा नाही. पण फणसावर बसले, पानाकडे बघत राहिले, खाली एक उतरेना. सून म्हणाली, "बघा, इच्छा राहिलीय तिची." मी म्हटलं, "अगं, गेलीच नाही, म्हणून शिवत नाही." दोन्ही खरं वाटत होतं. त्याच कावळ्याकडून तिला गेल्याचं कळत होतं आणि मला असल्याचं.

नात आतून आली. मला वाटलं, आता ओरडणार. ती पानासमोर उभी राहिली. दहाव्याला आपण कसं गेलेल्याला सांगतो, काळजी करू नको, तुझं राहिलेलं आम्ही बघू, तसे तिने हात जोडले आणि तिकडच्या भाषेत काहीतरी बोलली.

"काय गं म्हणालीस?" मी विचारलं.

"कोट आणून देईन म्हणाले."

बोलून ती माझ्याकडे बघायला लागली, मी सुनेकडे. तिघींच्या मनात एकदमच आलं. शब्द दिला. आता कावळा शिवला तर?

आणि एक उतरला की हो! कठड्यावर बसला, मान वाकडी केली, एक उडी पानाकडे. मी कोपऱ्यातला खराटा उचलला आणि "हाड! हाड मेल्या!" करत धावले. सूनही पदर हलवत धावली, तीच, जी मघाशी इच्छा राहिली म्हणत होती. आयुष्यभर कावळा यावा म्हणून मी ताटकळत उभी राहिलेय, हाकलायला पहिल्यांदाच धावले. नात रडत होती की हसत, ते मला कळलं नाही.

पान उचलून मी घरात आणलं. आता याचं करायचं काय? कावळ्याचं म्हणून टाकावं, तर तो शिवला नव्हता. मग ते ताटात सरकवलं आणि वर दुसरं ताट झाकलं. बाहेर गेलेलं माणूस उशिरा येणार असलं की आपण झाकून ठेवतो ना, तसं. सुनेने झाकणावर वाटी ठेवली, मांजर तोंड घालेल म्हणून.

मग तारीख आली. नातीने सकाळीच फोन लावला. वाजलाच नाही. निरोप पाठवला, एकच खूण. ती पुस्तक घेऊन आत गेली. मी कोट उन्हात घातला. दरवर्षी या दिवसांत घालते, नाहीतर कसर लागते. दोरीवर वजन पेलत नाही, म्हणून खुर्चीच्या पाठीवर खांदे अडकवून ठेवला. लांबून बघितलं तर कोणी पाठमोरं बसल्यासारखं दिसतं.

भाजी निवडून अंगण झाडायला बाहेर आले, तर कोटाच्या खांद्यावर कावळा. निवांत बसलेला.

खराटा हातात होता, पण हात उचलवेना. पानाला शिवला तर काय धरायचं ते मला माहीत आहे. कोटाला शिवला तर काय धरायचं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. सून दारात येऊन उभी राहिली होती. तिलाही ठाऊक नव्हतं, तोंडावरच दिसत होतं. आम्ही दोघी तशाच उभ्या, आणि तो चोचीने बाही साफ करतोय.

आतून नातीचा आवाज आला. तिला खिडकीतून दिसत होतं सगळं.

"आजी, कोट आत घे. रंग विटेल. मला तो द्यायचाय."