सागाच्या खांबावरचा पणजोबा

घराण्याच्या इतिहासाचा मला भारी सोस. जिवंत नातेवाइकांना मी साधं पत्र टाकत नाही, असं घरचे म्हणतात, ते सोडा. ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास शिरगावच्या वाडीच्या वारस नोंदीसाठी मी पालघरच्या तहसील कचेरीत गेलो. कारकुनाने खुर्ची दिली, चहा मागवला. पणजोबांचं नाव मी अंदाजानेच सांगितलं. त्याने ते वळणदार अक्षरात लिहून घेतलं.

माझ्या आधीपासून एक वारली म्हातारा उभा होता. नातीला वसतिगृहात घालायचं होतं. त्यासाठी जातीचा दाखला हवा, आणि मुदत त्याच दिवशी संपत होती.

"तुझ्या आजाचा कागद आण," कारकून म्हणाला.

"कागद नाय, सायेब. खांब हाय."

त्यांच्या पाड्यावर वडीलधारं माणूस गेलं की त्याच्या नावाने सागाचा खांब कोरून उभा करतात. म्हातारा बोटं दुमडत सात पिढ्या म्हणून गेला. प्रत्येक नावाला हवेत बोटाने खांबावरचे चंद्र-सूर्य काढी. "चला, दावतो. माजा पनजा चिंचंखाली हाय."

"खांबावर शिक्का आहे का रे?" कारकून हसला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चहा मात्र संपवला होता. "मग माझ्याकडेही कागद मागा!" मी ओरडलो.

"तुमचं वेगळं, काका."

म्हातारा कोरा अर्ज घेऊन पायऱ्या उतरला. माझी नोंद आठवड्यात झाली. त्या नावाचे पणजोबा आम्हाला खरंच होते का, हे मला अजून ठाऊक नाही.