पहिला भाग न खेळता

मी जळोचीचं घर सोडलं त्या सकाळी आमच्या फाटकाला डाळिंबांची पिशवी अडकवलेली होती. कुणी आणून ठेवली ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोललं नाही. पिंपळीचा ड्रायव्हर डिकीत बॅगा बसवत होता, आई माझ्या पर्समध्ये शेंगदाण्याच्या चटणीची पुडी कोंबत होती, आणि आबा, म्हणजे माझे वडील, हात मागं बांधून त्या पिशवीकडं न बघता उभे होते. डाळिंबं आमच्या मूळ गावची, अंथुर्ण्याची होती, तात्यांच्या बागेतली. तात्या आबांचे थोरले भाऊ. मला कळायला लागल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. विमानात एवढी फळं कुठं नेऊ म्हटल्यावर आईनं ती शेजारीपाजारी वाटून टाकली. गाडी सुरू झाली तेव्हा आबा काचेपाशी आले आणि म्हणाले, "रस्ता चुकलीस तर कुणालाबी इचार. इचारण्यात कमीपणा न्हाय." निवृत्त मास्तर माणूस. वर्गात छापील बोलायचे, पण गळ्याशी आलं की अंथुर्ण्याचंच तोंडात यायचं.

इथं ब्रनोला आल्यावर त्यांचा सल्ला बिनकामाचा ठरला. झेक देशातलं हे मोठं शहर, पण रस्ता कुणी कुणाला विचारत नाही, फोन सांगतो. ट्रामला इथले लोक शालिना म्हणतात, आणि आता माझ्याही तोंडून 'शालिना चुकली' असंच निघतं. लिफ्टमध्ये शेजारी भेटला की 'दोब्री देन' म्हणायचं आणि मग दोघांनी आपापल्या बुटांकडं बघायचं. मला याचा त्रास झाला असं काही म्हणणार नाही. जळोचीत दळण आणायला निघालं तरी चार जणी 'कुठं निघालीस गं' करणार. इथं वर्षभर कुणी विचारलं नाही, तर मला बरंच वाटलं. तुमच्यापैकी जे बाहेर पडलात त्यांना हे बरं वाटणं ठाऊक असेल. जे तिकडंच राहिलात त्यांनी रागवू नका, फार दिवस टिकत नाही ते.

पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारून यायला लागलं तेव्हा मी गेम खेळायला लागले. तिशीतल्या बाईनं गेम खेळायचे म्हणजे आमच्याकडं कपाळाला हात. आईला अजून सांगितलेलं नाही, ती समजते मी भाषा शिकते. हा गेम रोल-प्लेइंग जातीचा. आपण एक वाटसरू व्हायचं, गावोगाव फिरायचं, माणसांशी बोलायचं, त्यांची कामं अंगावर घ्यायची. ऑफिसातल्या रादिमनं तो सुचवला. नवाकोरा होता, एका जुन्या मालिकेतला तिसरा भाग. त्यातलं पाणी खऱ्यासारखं चमकायचं, आणि कुठं जायचं ते सोनेरी बाण दाखवायचा. सुरुवातीलाच त्यानं विचारलं, आधीच्या भागांत काय घडलं ते तुम्ही ठरवणार की आम्हीच ठरवू? मी आधीचं काही खेळलेच नव्हते. 'तुम्हीच ठरवा'वर क्लिक केलं आणि निघाले.

त्या गेममध्ये एक नदी आहे. नदीच्या अलीकडं नावाडी राहतो, पलीकडं त्याचा जुना मित्र, आणि दोघं एकमेकांचं नावही घेत नाहीत. का, तर पुराच्या वेळी नावाड्यानं साथ सोडली. गेम एवढं एका ओळीत सांगून मोकळा होतो. मीही मान डोलावली आणि बाणामागं गेले. मला असल्या ओळींची सवय होती, कारण आमच्या घरात एक ओळ होतीच: तात्यांनी आपला कांदा वाळवला.

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अंथुर्ण्यात दोघा भावांची विहीर सामाईक. चार दिवस पाणी एकाचं, चार दिवस दुसऱ्याचं, याला पाळी म्हणतात. ज्याची पाळी संपली त्यानं मोटारीच्या पेटीतला फ्यूज काढून विहिरीच्या कोनाड्यात ठेवायचा, ज्याची लागली त्यानं तो उचलायचा. फ्यूजशिवाय मोटार चालत नाही, त्यामुळं भांडणाला जागाच नाही. मी लहान असताना एका उन्हाळ्यात विहिरीला पाणी असून आमचा कांदा उभा वाळला, आणि तात्या बांधावरून बघत राहिले. त्यानंतर आबांनी आपला तुकडा गावातल्या परक्या माणसाला वाट्यानं करायला दिला, भावाला दिला नाही. बोलणं बंद झालं. फ्यूज मात्र कोनाड्यातून येत-जात राहिला. मला एवढंच माहीत होतं आणि ते पुरेसं वाटत होतं.

गेम संपला तरी तो नावाडी काही डोक्यातून जाईना. रादिमला विचारलं तर म्हणाला, ते सगळं पहिल्या भागात आहे, पण तो तुला झेपायचा नाही. असं कुणी म्हटलं की आमच्या घराण्यातलं माणूस मागं हटत नाही, नडतं ते तिथंच. पहिला भाग उतरवून घेतला, उघडला, आणि मला हसूच आलं. माणसं म्हणजे एकावर एक ठेवलेले चौकोन. नदी म्हणजे निळी पट्टी. बाण नाही, नकाशा नाही. रस्ता विचारला तर 'वाळक्या झाडापासून डावीकडं, मग ओढा लागेल' असलं काहीतरी. अगदी आमच्यासारखं. आमच्याकडं पण 'पाण्याच्या चारीच्या कडंकडंनं जा, पडकी खोली लागली की वळ' असंच सांगतात, आणि ती खोली कधीच पाडून टाकलेली असते. मी त्या ओढ्याकाठी इतकी भरकटले की चिडून गेम बंद केला आणि आठवडाभर त्याचं तोंड बघितलं नाही.

मग रादिमनं खरी गोम सांगितली. म्हणाला, तू माणसांशी एकदाच बोलतेस. जुन्या गेममध्ये एकदा बोलून भागत नाही. पहिल्यांदा माणूस सगळ्यांना सांगतो तेच सांगतो. तिथंच थांबायचं आणि परत विचारायचं. नव्या भागात बाण आला आणि लोकांची ही सवय गेली, असं त्याचं म्हणणं. मी गेले त्या चौकोनी नावाड्याकडं. पहिल्यांदा म्हणाला, पूर मोठा होता. परत विचारलं तर म्हणाला, मला हाक कुणी मारली होती? एवढंच. तिसऱ्या भागात आख्खं गाव ज्याला दोष देतं त्या माणसाचं म्हणणं इतकंच होतं, आणि ते मी पहिल्या भागात गेले नसते तर मला कधी कळलंच नसतं.

याच दिवसांत आबांचा फोन आला. जय भीम झालं, जेवलीस का झालं, आणि मग म्हणाले अंथुर्ण्याचा तुकडा विकायचा. "गिऱ्हाईक चांगलं हाय. वाट्यानं करणाराबी आता थकला. तू काय परत येत न्हायस, मला फटफटीवर तितंवर जाणं हुईना. तू हो म्हण, म्हंजी मी मोकळा." जमीन गेली की पाळीही गेली असती. दोघा भावांत उरलेला एकच धागा म्हणजे तो कोनाडा, त्यात परक्याचा हात जाणार. तरी मी हो म्हणणारच होते. जमीन मी कधी कसली नाही, मी कशाला आडवी येऊ? हो अगदी ओठावर आलं होतं, आणि मी भलतंच विचारलं.

"आबा, त्या साली नेमकं झालं काय होतं?"

"काय व्हायचंय? पाणी असून तात्यानं कांदा वाळवला."

सगळ्यांना सांगतात तेच. मी फोन ठेवला नाही. परत विचारलं, "पण पाळी आपली होती ना? तुम्ही का नाही गेलात मोटार लावायला?"

मग म्हणाले, "तू दवाखान्यात हुतीस." मला टायफॉइड झाला होता. हे मला माहीतच नव्हतं. जळोचीला नुकतं बिऱ्हाड केलेलं, शाळेतली नोकरी नवी, आणि बारामतीच्या दवाखान्यात मी. आबा माझ्या उशाशी बसून होते. "मला वाटलं, भाऊ हाय, लावंल की मोटार. त्यात सांगायचं काय?"

तात्यांचा नंबर आईकडं निघाला, म्हणजे तो तिच्याकडं होताच. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा फोन केला. त्यांनीही आधी तेच केलं. "जुनं झालं गं सुमे ते. तितं थंडी लय हाय का?" थंडीचं सांगितलं आणि परत विचारलं. तेव्हा ते बोलले. "पाळी त्याची हुती. दुसऱ्याच्या पाळीला हात लावायचा न्हाय, हे आमच्या बाच्यापासनं हाय. रोज सकाळी जाऊन कोनाड्यात बघायचो, फ्यूज तितंच. म्हटलं आज यील, उद्या यील. मग बाजारात एकानं सांगितलं, आशोकची पोरगी दवाखान्यात हाय म्हणून. कांद्याचं सोड तू. पोरगी आजारी, आन सख्ख्या चुलत्याला बाजारात कळतं?"

मला दोघांचंही फार वाईट वाटलं, आणि रागही आला. एकाला वाटलं भावानं न सांगता करावं, दुसऱ्याला वाटलं भावाला न विचारता करू नये. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि या दोन शहाण्या माणसांच्या मधोमध तापानं फणफणलेली मी. माझं सगळं लहानपण, तात्यांच्या घरची न झालेली दिवाळीची सुट्टी, चुलत भावंडांशी लग्नात भेटल्यावर अवघडून हसणं, हे सगळं एका निरोपावाचून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आबांना सांगितलं, "विका, माझं हो आहे. पण आधी तात्यांना विचारा."

"त्याला काय इचारायचं? माझा वाटा हाय."

"आबा, विचारण्यात कमीपणा नाही."

त्यांनी फोन ठेवून दिला. मी शालिना पकडून कामाला गेले. चार-पाच दिवस त्यांचा फोन नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली पेपरात तोंड घालून बसतात, चहाला बोलावलं तरी येत नाहीत. आणि मग एका सकाळी तिचाच फोन आला की आबा इस्त्रीचा शर्ट घालून, कुणाला न सांगता, एसटीनं अंथुर्ण्याला गेले.

पुढचं मला आईनं सांगितलं, तिला आबांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलेलं. तात्या विहिरीवर पाय धूत होते. आबा लांब उभे राहिले आणि म्हणाले, "तात्या, जमीन इकू का?" तात्यांनी दुसराही पाय सावकाश धुतला. मग म्हणाले, "ह्ये इचारणं कांद्याच्या वक्ताला करायचं हुतंस." आबांनी मान खाली घातली. तात्या म्हणाले, "इकू नगं." त्यानंतर दोघं बांधावर बसून राहिले. बोलायची सवयच राहिली नव्हती त्यांना. काकूंनी भाकरी आणून दिली तेव्हा तिखटाबद्दल काहीतरी बोलले म्हणे.

जमीन आता तात्या वाट्यानं करतात. आबांना त्यांचं पेरणं पसंत नाही आणि ते तसं जळोचीत बसून आईला सांगतात. मालिकेचा चौथा भाग येणार असं रादिम म्हणतो. तो आला की सुरुवातीला तोच प्रश्न विचारणार, आधी काय घडलं ते कोण ठरवणार, आणि या खेपेला मी माझं मी ठरवीन. दुसरा भाग अजून खेळायचा राहिलाय, तो खेळून घेतेय.

आबांनी पाळीची जबाबदारी माझ्यावर ढकलली. तात्यांना म्हणाले, इकायचं तिनं अडवलं, तवा पाण्याचं तिलाच इचार. तात्यांनी ते शब्दशः घेतलं. आमची पाळी लागली की माझ्या सकाळी, मी थांब्यावर उभी असताना, त्यांचा फोन येतो. तिकडं ऊन चांगलं चढलेलं असतं. "सुमे, पाळी तुमची लागली. लावू का?" पहिल्यांदा मी म्हटलं, "तात्या, मी इतक्या लांब, मला काय विचारता? आमची पाळी आली की लावत जा खुशाल." ते म्हणाले, "न्हाय. आता इचारल्याबिगर हात लावणार न्हाय मी. आन तू बी सांगत जा, बरी हायस का न्हाय." मी "लावा" म्हणते, ते फ्यूज बसवतात, खटका पडतो आणि मोटारीची घरघर माझ्या कानात येते. इथं थांब्यावरची माणसं बुटांकडं बघत असतात. मला कुणी विचारलं तुझं घर कुठं, तर जळोचीचा पत्ता मी अजून पाठ म्हणून दाखवीन, पण मनात हा फोन येतो.

परवा मला जरा कणकण होती. नेहमीसारखी "लावा" म्हणून फोन ठेवणार होते. मग तेही सांगितलं.