नख तुटलं ते कळलं नाही

माहूरच्या गडावरून घरी आलो त्या दिवशी मी रेणुकामातेवर रागावलो होतो, हे आधीच कबूल करतो. उजव्या हाताची बोटं बधिर होत चालली होती. आधी करंगळी, मग एकेक करत सगळीच. आईच्या पायरीवर डोकं टेकून बोटं परत मागितली आणि खाली उतरून त्याच हाताने चहाचा पेला धरला. तळहाताला टपोरा फोड आला होता, तो घरी बायकोने दाखवला तेव्हा कळलं. आईने ऐकलं नाही, असंच मी धरून चाललो. बायकोला म्हटलं, चहा कढत होता. मनगटावरचा फिकट चट्टा मी बाहीखाली झाकत होतो. त्या रोगाचं नाव मला ठाऊक होतं. ते गावात फुटलं तर दुकान आणि पोरीचं लग्न दोन्ही बुडणार, हेही ठाऊक होतं.

माझं गॅरेज आदिलाबादच्या पुढे इचोड्याला, निर्मलकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर. नव्वद सालानंतर तिथे लहान गाड्या दिसू लागल्या, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असलेल्या. चाक काढलं की मागे लोखंडाची गोल चकती दिसते, ती डिस्क. तिच्यावरच्या रेघा कुणालाही दिसतात, पण रेघ किती खोल आहे हे डोळ्याला समजत नाही. त्यासाठी नख मधून कडेपर्यंत ओढत न्यायचं. सरकलं तर ठीक, अडकलं तर डिस्क गेली. माझं नख चुकत नाही असं ड्रायव्हर म्हणायचे आणि मी फुगायचो. डाव्या हाताने पाहता आलं असतं. पण हात काऊन बदलला असं चारचौघांत कुणी विचारलं तर? या लाजेपायी मी मेलेल्या बोटांनी निकाल देत राहिलो.

एका दुपारी आदिलाबादचे एक मास्तर बायको-मुलांना घेऊन निर्मलकडे निघाले होते. ब्रेक दाबला की चाकातून करकर आवाज यायचा. मी चाक काढलं, नख फिरवलं. काहीच लागलं नाही. "डिस्क चांगली हाय, बिनधास्त जा," म्हणालो, पॅडवरची धूळ पुसली आणि चाक बसवून दिलं.

ते गेल्यावर हात धुताना पाणी लाल झालं. नख मुळापर्यंत उभं चिरलं होतं. म्हणजे डिस्कवरच्या खाचेत ते अडकलं होतं, तुटलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. पुढे नेरडीगोंडा गाव, त्याच्या पुढे घाटाचा उतार. त्या गाडीत दोन लेकरं होती.

निर्मलकडे जाणारी एक लॉरी हात करून थांबवली. केबिनमध्ये बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं नाही. आई, हा हात ने, दुसराही ने, पण ती गाडी घाटाआधी थांबव. देवी आहे की नाही हेसुद्धा त्या वेळी मला माहीत नव्हतं. प्रत्येक वळणावर उलटलेली गाडी दिसेल म्हणून मी डोळे मिटत होतो.

नेरडीगोंड्याच्या पुढे, घाट लागायच्या आधी, लिंबाखाली ती गाडी उभी होती. लेकरं चिवडा खात होती. मी रस्त्यातच खाली बसलो.

मास्तरांच्या पत्नी पुढे आल्या. त्या सरकारी नर्स होत्या. गावोगाव फिरून याच रोगाचे, कुष्ठरोगाचे, चट्टे शोधायचं त्यांचं काम होतं.

"तुमचं नख तुटतानी मी पाह्यलं, भाऊ. तुमी हूं का चूं केलं नाही. रस्ताभर तेच डोक्यात घोळून राह्यलं. ज्याले आपलं नख समजलं नाही, त्याले डिस्क काय समजली असंल? मंग ह्यायले म्हणलं, थांबवा गाडी."

त्यांनी माझा हात हातात घेतला. कित्येक महिन्यांत कुणाला मी तो धरू दिला नव्हता. "डोळे मिटा. कापूस लागला की सांगा."

मी वाट पाहत राहिलो. म्हणालो, "लावा ना, ताई."

"तीनदा लावला, भाऊ."

तिथे रस्त्यावर, परक्या माणसांसमोर, मी ढसाढसा रडलो. गोळ्या फुकट मिळतात, रोग थांबतो, असं त्या सांगत होत्या. मला फार थोडं ऐकू येत होतं.

गोळ्या पूर्ण घेतल्या. रोग थांबला. बोटं परत आली नाहीत आणि आता येणारही नाहीत. काही रात्री अजून जीव तुटतो. बायकोला सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ती दुकानात येऊन बसली. त्या बाईंना कुणी पाठवलं, हा वाद मी कुणाशी घालत नाही. मी आईला हात जोडतो, एवढंच. मी मागत होतो बोटं. तिने मला पाच जिवांच्या पापातून वाचवलं, त्यातला एक जीव माझाच.

आता डिस्क बायको पाहते. गिऱ्हाईक विचारतं, "काऊन, तुमी नाही पाहत?"

"मले समजत नाही," मी सांगतो. हे बोलता यावं म्हणून देवीला मला रस्त्यावर बसवावं लागलं. मग मी चाक बाजूला ठेवतो आणि ती नख कडेपर्यंत नेऊन काय म्हणते याची, गिऱ्हाइकासारखाच, वाट पाहत उभा राहतो.