कॅलेंडरमधलं स्कॉटलंड

त्या फोटोचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. साल २००१. रत्नागिरीत मी पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना खाडीकाठच्या वाडीतली एक बाई ठाण्यात आली. धाकटा भाऊ आचारी म्हणून स्कॉटलंडला गेला, पाच महिने त्याची काही खबर नाही, एवढंच तिचं म्हणणं.

"मिसिंग नोंदवा. न्हायतर मी हतंच बसणार," ती म्हणाली आणि खरंच बसली.

वरिष्ठांनी फोनवर सांगितलं, "सज्ञान माणूस परदेशी गेलाय. अर्ज दप्तरी दाखल करून विषय संपवा." मी "होय सर" म्हटलं आणि भावाला पाठवणाऱ्या एजंटाला चौकशीला बोलावलं.

तो कडक इस्त्रीत आला. टेबलावर त्यानं फोटो ठेवला: डोंगर, पाणी, काठावर सहा घरं. "तलावाकाठची वस्ती आहे, साहेब. फोन नाही, थंडीत टपालही अडकतं. मी स्वतः वर्षभर तिथं राबलोय." खोटं बोलतोय असा मला संशय येत होता, पण खोडायला हातात काही नव्हतं. मी फोटो बाहेर नेला आणि "भाऊ या तलावाकाठी आहे म्हणे" असं सांगत बाईला दाखवला.

ती खाडीतल्या खडकांवरची कालवं, शिंपले काढून पोट भरणारी. "हा तलाव न्हाय, सायेब. ही खाडी हाय. होडी बगा, चिखलात आडवी पडलीय. दगडांवर काला पट्टा हाय, तितवर भरती येते."

मी आत आलो. "काय रे, तिथं ओहोटीला पाणी किती उतरतं?"

तो हसला. "तलावाचं पाणी कसलं उतरतंय? बारा महिने काठोकाठ."

मी होडीवर बोट ठेवलं. "मग ही काय झोपलीय?"

एजंट अर्ध्या तासात कबूल झाला. फोटो कॅलेंडरमधून कापलेला. भाऊ मुंबईच्या पुढे गेलाच नव्हता. पासपोर्ट काढून घेऊन त्याला एका कारखान्याच्या भटारखान्यात कोंडून राबवत होते. गुन्हा दाखल करून मी त्याच दुपारी पथक घेऊन निघालो. भाऊ सापडला, काविळीनं पिवळाधमक. आठवडाभर उशीर झाला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात त्याला बघून बहिणीनं आधी शिव्या घातल्या, मग रडली.

"कुणाला विचारून गुन्हा दाखल केलात?" वरिष्ठ कडाडले.

"फिर्यादी बाईला," मी म्हणालो. मेमो मिळाला. त्याची लाज मला कधीच वाटली नाही.

लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तो फोटो मी तिला दाखवला तो कीव येऊन, भावाचं गाव तरी बघेल बिचारी, म्हणून. तिचं मत विचारायला नव्हे. त्यानंतर निवृत्तीपर्यंत हाती आलेला प्रत्येक कागद मी आधी फिर्यादीपुढे ठेवला. असा नियम कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. नसू दे.