मागच्या टायरसाठी तीन आखूड पट्ट्या

काटेवाले पहिल्यांदा नजरेत भरले ते हार्डवेअरच्या दुकानात. टायर काढायच्या लोखंडी पट्ट्या त्यांनी दोन्ही तळहातांवर घेतल्या होत्या, डाव्या हातात वीतभर लांबीची, उजव्यात हातभर लांबीची, आणि डोळे मिटून स्वस्थ उभे होते. मागे गिऱ्हाईकं खोळंबली होती.

गल्ल्यावरच्या मालकीणबाई म्हणाल्या, "काटेवाले, लोक जावई निवडतानाही एवढं बघत नाहीत हो!"

"जावई चुकला तर घरातली चार माणसं सांभाळून घेतात," काटेवाले डोळे न उघडता म्हणाले. "टायर मध्येच अडकला तर माझं कोण सांभाळणार?"

त्यांनी हातभर लांबीच्या दोन पट्ट्या घेतल्या.

तराजू दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. वाकलेली दांडी सरळ करायची, दांडी जिच्यावर टेकते ती झिजलेली धार घासायची, पारड्यांतला फरक, म्हणजे पासंग, काढायचा. मोटारसायकलच्या मागे अवजारांची पेटी बांधून ते गावोगाव फिरत. पुढे जिकडेतिकडे आकडे दाखवणारे बॅटरीचे काटे आले आणि त्यांच्यापुढे जुने तराजू पासंगालाही पुरेनात. अकरा दुकानं उरली, तीही एकमेकांपासून लांब लांब. पण त्या अकरा दुकानांत "या, बसा" म्हणणारं माणूस होतं. बाकीच्या जगात असं म्हणणारी एकच होती, त्यांची धाकटी बहीण.

दोघांचीही लग्नं राहून गेली आणि दोघं एका घरात राहिली. टायर बदलायचा असला की काटेवाले चाक जमिनीवर आडवं ठेवत आणि बहीण त्यावर दोन्ही पाय देऊन उभी राही. तोल जाऊ नये म्हणून ती भावाच्या डोक्यावर हात ठेवायची आणि शेजारपाजारच्या बातम्या सांगायची. बातम्या संपायच्या आत टायर बसलेला असे. मग सत्तेचाळिसाव्या वर्षी तिनं लग्न केलं, पाणीपुरवठ्यातल्या एका विधुर पंपचालकाशी, आणि दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. टायरच्या दिवशी मात्र बाह्या सरसावून हजर असायची.

दोन वर्षांनी पंपचालकांची बदली झाली. नवं ठिकाण रेल्वेनं एक दिवस आणि एक रात्र लांब. बहीण अडून बसली.

"दादा, भाजी तुला करता येते, बटण लावता येतं. टायरचं काय? गावोगाव फिरताना आडरस्त्याला गाडी बसली तर कुणाला हाक मारशील?"

"आजवर कुठं बसली?"

"बसली नाही, कारण टायर मी वेळेवर बदलायला लावते. एकट्यानं मागचा टायर बदलून दाखव, मग मी सामान बांधते. नाहीतर हे जातील एकटे. मी राहीन इथंच."

मेहुणे चहाच्या कपाच्या कानावरून बोट फिरवत बसले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मांडलेला संसार, आणि तो आपल्या एका टायरपायी दोन ठिकाणी वाटला जायचा? काटेवाल्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली आणि तडक हार्डवेअरचं दुकान गाठलं होतं.

दांडा जितका लांब तितकं ओझं हलकं, हे ज्ञान त्यांच्या हातांत मुरलेलं. चूक झाली ती तिथंच. नवा टायर साबणाचं पाणी लावल्यावर निम्म्याहून अधिक सुखासुखी रिमवर चढला. शेवटची वीतभर कड मात्र हटून बसली. त्यांनी लांब पट्टी घातली आणि नुसती दोन बोटांनी दाबली. कड टुपकन आत! स्वतःवर खूश होऊन ते पंप मारायला लागले. जितकी हवा आत जात होती तितकीच बाहेर येत होती. उघडून बघितलं तर पट्टीच्या टोकानं ट्यूब चिरलेली. ठिगळ लावलं, पुन्हा बसवला, पुन्हा चिरली.

"मापाचा टायर मिळत नाहीये," असं त्यांनी बहिणीला सांगितलं.

चार दिवस चाक भिंतीला टेकून राहिलं. पाचव्या दिवशी दाढी करताना काटेवाल्यांच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय. टायर बसत नव्हता, म्हणजे बहीण जात नव्हती. त्यांचा हात थांबला. जन्मभर दुकानदारांना त्यांनी एकच बजावलं होतं, पारड्याला बोट लावू नका. आणि इथं त्यांचा स्वतःचा अख्खा अंगठा पारड्यावर होता.

अर्धी दाढी तशीच ठेवून ते चाकाशी जाऊन बसले. पट्टी बाजूला ठेवून नुसत्या हातांनी टायर चाचपत राहिले, तेव्हा उमगलं. रिमच्या मधोमध एक खोलगट चरी असते. एका बाजूची कड त्या चरीत दबून राहिली तर समोरच्या बाजूला सैलपणा मिळतो. बहिणीचे पाय इतकी वर्षं तेच करत होते. आता दाबायला कुणी नाही म्हणून कड वर सरकत होती, समोर ताण बसत होता, आणि लांब पट्टी तो ताण हाताला कळूच देत नव्हती. आखूड पट्टीला जोर लागला असता, आणि जोर लागला की काहीतरी चुकतंय हे समजलं असतं.

ते पुन्हा दुकानात गेले. "वीतभर लांबीच्या तीन द्या. आणि सुताराचा छोटा शिकंजा, तोंडाला रबर असलेला."

"शिकंजा कशाला आणखी?" मालकीणबाईंनी विचारलं.

"बहीण टायरवर उभी राहायची ना. तिच्याऐवजी टायर आवळून धरायला."

"पन्नास किलोची बाई अर्ध्या किलोत बसवताय? अहो, तुमच्याच मापात खोट!"

दुकानातले सगळे हसले. काटेवालेही हसले, जरा उशिरानं.

रविवारी सकाळी बहीण पायरीवर येऊन बसली. हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. काटेवाल्यांनी एका बाजूला शिकंजा आवळला, दोन्ही गुडघे टायरवर रोवले आणि आखूड पट्टीनं बोटभर बोटभर कड आत घेत गेले. एकदा कड अडली तशी बहीण अर्धवट उठली.

"बस खाली."

"मी कुठं काय केलं?"

"पाय उचललास."

ती बसली. नवीन बातम्या तिच्याकडे भरपूर असणार, पण एकही तिनं सांगितली नाही. शेवटची कड जोर न लावता आत गेली. पंप मारला, हवा टिकली. बहिणीनं पुढे येऊन टायर अंगठ्यानं दाबून बघितला, मग पुन्हा एकदा दाबला.

"बसला की रे."

"बसला."

"महिना संपायला अजून नऊ दिवस आहेत," ती म्हणाली. "एवढी घाई कशाला केलीस?"

काटेवाले पट्ट्या पुसत राहिले. सगळ्या पुसून झाल्यावर म्हणाले, "सामान बांधायला वेळ लागतो."

गुरुवारी ते तिला आणि मेहुण्यांना स्टेशनवर पोचवून आले. त्या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. अकरापैकी आठ दुकानं उरली आहेत, आणि काटेवाले मंगळवारी आणि शुक्रवारी तिकडे जातात. घराची मधली खोली, बहिणीची, बंद असते. दर पंधरा दिवसांनी ते ती उघडतात आणि झाडून काढतात.