उपवासकाळातला आलेलुया

माझं लग्न सोमवारी लागलं आणि बुधवारी सकाळी मी धुळ्याच्या स्टँडवर जळगावच्या एस.टी.त बसले. हातात हिरवा चुडा, पायाशी गोणपाटात बांधलेलं शिवणयंत्राचं डोकं आणि कपाळावर राखेचा क्रूस. तो राखेचा बुधवार, आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस होता. गेल्या वर्षीच्या वाळलेल्या झावळ्या जाळून केलेली राख फादरांनी पहाटेच्या मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, सगळ्यांच्या कपाळाला लावली, तशी मलाही लावली. नवरीला सूट नसते.

शेजारी पारोळ्याला उतरणारी एक म्हातारी होती. तिने माझा चुडा पाहिला, मग कपाळ पाहिलं.

"काय वं माय, नवी नवरी ना तू? कपाळले राख कसाले लाई?"

आमच्यात आज लावतात, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नाही. तिने पदराचं टोक ओलं केलं आणि माझं कपाळ पुसून काढलं. आमचे हे पलीकडे खिडकीबाहेर बघत बसले. मीही पुसू दिलं. गाडीत वाद घालण्यासारखा तो विषय नव्हता.

हे मी धुळ्याच्या मिशनच्या आवारात अजून राहणाऱ्यांसाठी लिहिते आहे आणि तिथून नाशिक, सुरत, मुंबईकडे पांगलेल्यांसाठीही. त्या वर्षी आमच्या खोलीतून शुक्रवारी मटणाचा वास आला होता आणि माझे वडील, नाना, गायले होते. तुमच्यापैकी काहींनी ते ऐकलं आहे. पंधराएक वर्षांत कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. आता नानाही नाहीत. तेव्हा सांगून टाकते.

लग्नाची घाई आईने केली. तिच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं. आईला सांगायची गरज पडली नाही. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत आपल्यात लग्न लागत नाही. पास्का, म्हणजे ईस्टर, होईपर्यंत थांबायचं तर आईचा भरवसा नव्हता. स्थळ जळगावचं होतं, मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. म्हणून राखेच्या बुधवाराआधी उरकलं.

निघताना ती बाजेवर उठून बसली. ती अमळनेरकडच्या खेड्यातली, शेवटपर्यंत अहिराणीच बोलली. म्हणाली, "पास्काले येजो. मधमा येऊ नको." लेक पहिल्यांदा माहेरी येते ती सणाला, आणि उपवासकाळात आलीस तर मी तुला रांधून काय घालू, असा तिचा हिशोब होता.

दुसरा हिशोब त्याहून वाईट होता. डॉक्टरांनी तिला अंडं आणि मटणाचं पाणी सांगितलं होतं. ती पास्कापर्यंत घेणार नव्हती. फादर घरी येऊन सांगून गेले की आजारी माणसाचा उपवास देव मोजत नाही. आई म्हणाली, मी मोजते. नाना मिशनमध्ये धर्मशिक्षक, सगळं आवार त्यांना मास्तर म्हणायचं. आवारातल्या पोरांना दहा आज्ञा त्यांनी पाठ करून घेतल्या, तशाच बायकोकडूनही करून घेतल्या होत्या. आता ती त्यांचंही ऐकत नव्हती. स्टँडवर त्यांनी मला एवढंच सांगितलं, "खाल्लं तर ती पास्का पाहील. आणि पास्का पाहिल्याशिवाय ती खाणार नाही."

जळगावला आम्ही एका मारवाडी जैन कुटुंबाच्या मागच्या खोलीत राहिलो. अट एकच: मांस, मच्छी, अंडं घरात आणायचं नाही. हे म्हणाले, आपल्याला बाराही महिने उपवासकाळ. ते खरंच होतं. मग चाळीस दिवसांत सोडायचं काय, हा प्रश्न पडला. ह्यांनी विडी सोडली. मी चहात साखर घेणं सोडलं.

घरमालकिणीला सगळे सेठाणी म्हणत. ती माझ्याकडे पोलकी शिवायला टाकायची आणि शेजारी बसून चौकशा करायची. तुमचे उपास किती दिवसांचे? चाळीस. पाणी चालतं? चालतं. चहा? चालतो. जेवण? एक वेळ पोटभर. तिने मान हलवली. "मग उपास कोणत्या वेळेला करता?" ती स्वतः आठ-आठ दिवस उकळलेल्या पाण्यावर काढायची. तिच्यापुढे आपल्या धर्माचा मान राखणं अवघड होतं.

जळगावच्या देवळात तेव्हा माणसं थोडी आणि भाषा जास्त. रेल्वेतले गोवेकर, दवाखान्यातल्या मंगलोरच्या नर्सबाई, नगरकडची दोन-तीन घरं, एक तमिळ ड्रायव्हर. मिस्सा लॅटिनमध्ये, म्हणजे कुणालाच न कळणारी, त्यामुळे भांडण नव्हतं. भांडण शुक्रवारी व्हायचं. संध्याकाळी क्रुसाची वाट असायची. भिंतीवरच्या चौदा चित्रांपुढे थांबत, गुडघे टेकत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी प्रार्थना म्हणायची. ती कोणी कोणत्या भाषेत म्हणायची यावर चढाओढ. शेवटी वाटून घेतलं. येशू पहिल्यांदा पडतो ते मराठीत, दुसऱ्यांदा पडतो ते कोंकणीत, तिसऱ्यांदा तमिळमध्ये. आता सगळं मराठीत होतं, फादर लोकांकडे तोंड करून मिस्सा करतात, आणि आमची मुलं घड्याळ बघतात.

बाकी आठवडा ठरलेला. रोज स्वयंपाकाआधी मूठभर ज्वारी गरिबांच्या डब्यात टाकायची. शनिवारी पापनिवेदनाची रांग. रविवारी मिस्सा. मला शिवण येतं हे कळल्यावर देवळातल्या मूर्ती झाकायचे जांभळे कपडे माझ्याकडे आले. एकदा ते शिवताना मी सवयीने गुणगुणत होते. गोव्याच्या आंतोनेत मावशी दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाय, तू आलेलुया म्हणतेस काय?" मी तेच म्हणत होते. राखेच्या बुधवाराआधी तो देवाच्या स्तुतीचा, आनंदाचा शब्द बंद होतो, तो थेट पास्काच्या मिस्सेत निघतो. देवळात नाही, घरात नाही, तोंडातही नाही. नाना धुळ्याला पेटीवर तो पहिला आलेलुया धरायचे आणि सगळं आवार त्याची वाट बघायचं. मी गप्प झाले आणि पुढची शिवण घातली.

जळगावचे फादर फटफटीवरून धुळ्याला जाऊन यायचे. रविवारी मिस्सेनंतर ते मला निरोप सांगत. निरोप एकच असे: आई तशीच आहे, खात नाही, पास्काला ये म्हणते. पुढच्या रविवारी तोच. मग एका रविवारी त्यांनी निरोपातलं 'तशीच आहे' गाळलं.

घरी येऊन मी सेठाणीच्या सुनेचं पोलकं कापायला घेतलं आणि बाही उलटी कापली. तसं माझ्याकडून होत नाही. सेठाणीने विचारलं, तेव्हा मी सांगितलं. तिला आधी कळेचना. गाव लांब नाही, नवरा अडवत नाही, मग मी इथे का? मी म्हटलं, आईनेच सांगितलंय, सणाआधी यायचं नाही. हे उपवासाचे दिवस आहेत.

तिने माझ्या हातातली कात्री काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "उपास खाण्याचा असतो, बाई. माँला न भेटण्याचा उपास आमच्यात तरी नाही. आणि आमच्यात सगळे आहेत."

शुक्रवारी त्यांचा सरकीचा ट्रक धुळ्याला जाणार होता. तिने मला ड्रायव्हरशेजारी बसवून दिलं. हे म्हणाले, जा, संध्याकाळी तुझी प्रार्थना मी म्हणतो. एरंडोल, पारोळा गेलं. मी काही विचार केल्याचं आठवत नाही. ड्रायव्हर एकसारखा बोलत होता आणि मी हो म्हणत होते.

आवारात पोचले तेव्हा सकाळचे वर्ग चालू होते. खोलीत नाना बाजेशेजारी बसले होते. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पंधरवडाभराने तिचा पास्का यायचा होता, आणि बाजेवर जे होतं ते पंधरवडा टिकणारं नव्हतं. मी दारातच उभी राहिले. तिने मान वळवली, मला पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"तू उनी?" ती म्हणाली. मग नानांकडे वळून, "पास्का व्हई गया का?"

मी आले म्हणजे पास्का आला. तिने तसंच सांगून ठेवलं होतं, आणि मी सांगितलेलं ऐकणारी मुलगी होते. तिला दुसरं कारण सुचलंच नाही.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. या माणसाने आवारातल्या एका पोराला खोटं बोलल्याबद्दल सबंध मिस्साभर उभं केलं होतं, आणि पास्का कधी हे सांगणं म्हणजे तर त्यांचं कामच होतं.

"हो," ते म्हणाले. "झाला."

"घंटा ऐकू नही उनी."

"तू झोपेल होती."

ते घरातही शुद्ध बोलायचे. आईशी अहिराणीत बोलताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी पिशवी घेतली आणि बाहेर गेले. पुढचं मला त्यांनी म्हातारपणी सांगितलं. खाटीक त्यांना ओळखत होता. तो म्हणाला, मास्तर, आज जुम्मा आहे, तुमचं चालतं? नाना म्हणाले, आज चालतं.

मी मटण धुतलं, कांदा भाजला, वाटण केलं. तोवर ज्या बायका डोकावल्या त्यांना मी आई झोपली आहे म्हणून सांगितलं. वास आवारभर गेला असणार; त्याला इलाज नव्हता. आईला उशीला टेकवून बसवलं. पण तिने वाटी तोंडाला लावली नाही. पास्काचं जेवण एकटीने जेवतात का, असं तिचं म्हणणं. तुम्ही घ्या.

मला ताट वाढून घ्यायला काही वाटलं नाही. नानांचं तसं नव्हतं. ते धडधाकट होते, त्यांना कसलीही सूट नव्हती. उपवासकाळातला शुक्रवार, आणि पाप किती मोठं हे ते इतरांना शिकवायचे. त्यांनी हात धुतले. मांडी घालून बसले. आणि आई म्हणाली, आधी म्हणा.

ते काय म्हणायचं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. बाहेर देवळात सगळ्या मूर्ती उद्या जांभळ्या कापडाखाली जायच्या होत्या. नानांनी डोळे मिटले आणि आलेलुया म्हटला. पुटपुटले नाहीत. पास्काच्या मिस्सेत धरायचे तसा, पट्टीत, तीनदा. शेजारच्या भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

मग ते जेवले. आईने सगळा रस्सा पिऊन टाकला आणि मऊ तुकडा चघळला. मीठ कमी आहे म्हणाली. कमीच होतं.

शनिवारी नाना पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहिले, सगळ्यांसारखे, आपल्या पाळीने. आत काय झालं ते त्यांचं ते जाणोत. रविवारी आणि सोमवारी आईने थोडं थोडं खाल्लं. मंगळवारी ती गेली. मी तिला आंघोळ घातली, साडी नेसवली, जे करायचं ते केलं. लोक म्हणाले, पोरगी घट्ट आहे. घट्ट नव्हते. आत हात घातला तर काही लागत नव्हतं, एवढंच.

झावळ्यांच्या रविवारी मी शिंदीच्या झावळ्या चिरून दिल्या, कारण ते काम दरवर्षी आई करायची. मग खरा पास्का आला. घंटा वाजली, नानांनी पेटीवर आलेलुया धरला, लोकांनी तो उचलला. शेजारच्या ख्रिस्तीनाबाई दुपारी मटणाची वाटी घेऊन आल्या. नाना उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, आमचा झाला." त्या म्हणाल्या, "माहीत आहे, मास्तर." वाटी ठेवून त्या गेल्या.

नाना निवृत्त झाल्यावर ती खोली नव्या धर्मशिक्षकाला मिळाली आणि ते जळगावला माझ्याकडे आले. आम्ही तोवर आमचं घर बांधलं होतं. पुढे नियम सैल झाले, वर्षभरातल्या शुक्रवारांची बंदी उठली. एका शुक्रवारी पोरं मटण खात होती. नाना बघत होते. म्हणाले, "मी जरा लवकर सुरू केलं." त्या गोष्टीबद्दल ते एवढंच बोलले आणि खाटकाचं सांगितलं. गेल्यावर त्यांना जळगावच्याच कबरस्तानात ठेवलं.

धुळ्याला आता मला उतरायला जागा नाही. बसने गेले तर कबरस्तानात जाते, गवत उपटते, आणि परतीची गाडी धरते. आवारात येत नाही म्हणून तुम्ही रागावता. राग नसावा. तिथे नव्या माणसांची घरं आहेत आणि ती माणसं चांगली आहेत.

कुणी विचारलं तर मी माझं घर जळगाव सांगते. ते खरंही आहे; दार, खिडक्या, कर्ज, सगळं माझं आहे. माहेर कुठलं, असं विचारलं की मात्र मला गाव आठवत नाही, तो दरवाजा आठवतो. तिथे मी नुसती उभी राहिले आणि एका बाईने सण आला असं धरलं. त्यानंतर मी पुष्कळ दारांत उभी राहिले. या म्हणाले, बसा म्हणाले, चहा दिला. पास्का झाला का, असं कुणी विचारलं नाही.